पेनिसिलिनची गोळी: गिळल्यापासून जिवाणू फुटेपर्यंतचा प्रवास आणि ती नीट घेण्याची रीत

काउंटरवरून पेनिसिलिनच्या गोळ्या देताना मी तीन गोष्टी सांगते: रिकाम्या पोटी घ्या, ठरल्या वेळी घ्या, सांगितलेले सगळे दिवस घ्या. समोरचा माणूस मान डोलावतो. आठवड्याभराने तोच माणूस पुन्हा घसा धरून येतो. बोलता बोलता कळतं की गोळ्या जेवणासोबतच घेतल्या, दुपारची जवळपास रोज राहिली आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाकीट कपाटात गेलं. यात त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. कारण न सांगता दिलेली सूचना कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून इथे सूचना कारणांसकट लिहिते आहे, गोळी ज्या वाटेने जाते त्याच क्रमाने.

औषध कुठलं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. खाली आलेले आकडे औषध समजून घेण्यासाठी आहेत, त्यावरून स्वतःचा डोस ठरवू नका.

सगळ्याच्या मुळाशी असलेला चौकोन

पेनिसिलिनच्या रेणूच्या मधोमध चार अणूंचं एक कडं असतं, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. अणूंना एकमेकांशी ऐसपैस कोनात जोडलेलं राहणं सोयीचं असतं. इथे मात्र त्यांना साधारण काटकोनात दाबून बसवलेलं असतं. त्यामुळे ते कडं सतत ताणात असतं, वाकवून धरलेल्या वेताच्या छडीसारखं. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने पेनिसिलिनच्या स्फटिकाची रचना उलगडली तेव्हाच असं कडं त्यात खरोखर आहे हे पक्कं झालं. तोवर काही मोठ्या रसायनतज्ज्ञांना ते पटत नव्हतं.

हे कडं जिवाणूपाशी जाऊन तुटलं तर जिवाणू मरतो. वाटेत जठरात तुटलं तर औषध वाया जातं. बाटलीतल्या पाण्यात तुटलं तरी तेच. आणि आपल्याच शरीरातल्या प्रथिनाला चिकटून तुटलं तर ॲलर्जीची सुरुवात होऊ शकते. पाकिटावरची जवळजवळ प्रत्येक सूचना या एका नाजूक चौकोनातून निघते. तेवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं.

आधी पाकिटावरचं पूर्ण नाव वाचा

"पेनिसिलिन" हे एका कुटुंबाचं नाव आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाची पोटातली वागणूक वेगळी आहे.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीत जे सापडलं आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी जे शुद्ध करून वापरण्याजोगं केलं, त्यातून पुढे आलेलं नेहमीच्या वापरातलं औषध म्हणजे पेनिसिलिन जी. ते जठराच्या आम्लात टिकत नाही. तोंडाने घेतलं तर एक तृतीयांशही धड रक्तात पोहोचत नाही, म्हणून ते इंजेक्शनने देतात. पोटातून जाऊ शकणारं पेनिसिलिन व्ही, म्हणजे फिनॉक्सिमिथाइल पेनिसिलिन, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या कुंडल या गावच्या कारखान्यात आकाराला आलं. तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की हे पेनिसिलिन आम्लात टिकतं. इंजेक्शनच्या सुईऐवजी गोळी देता येईल, हे त्या निरीक्षणातून कळलं.

पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲम्पिसिलिन आलं आणि १९७०च्या दशकात ॲमॉक्सिसिलिन. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूसाठी क्लॉक्सासिलिन आणि त्याची भावंडं आली. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांची जोडगोळीही मिळते.

नावात फरक पडला की घेण्याची पद्धतही बदलते. पेनिसिलिन व्ही, ॲम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन रिकाम्या पोटी. ॲमॉक्सिसिलिन जेवणाआधी किंवा नंतर, कसंही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची जोडी जेवणाच्या सुरुवातीला, कारण तशी घेतली की मळमळ कमी होते आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडही चांगलं शोषलं जातं. या जोडगोळीच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. २५० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडच्या दोन गोळ्या म्हणजे ५०० अधिक १२५ची एक गोळी, असा हिशोब लोक करतात. ॲमॉक्सिसिलिन तेवढंच भरतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड दुप्पट जातं, आणि जुलाब बहुतांशी त्यानेच होतात. लिहून दिलेली ताकद मिळाली नाही तर स्वतः जुळवाजुळव करू नका, विचारा.

जुन्या पाकिटांवर कधी कधी मिलिग्रॅमऐवजी युनिट लिहिलेले असतात. पेनिसिलिन व्हीच्या २५० मिलिग्रॅमचे साधारण ४ लाख युनिट होतात.

पहिला टप्पा: जठर

गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून गिळा आणि लगेच आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जळजळ होते, आणि औषधही उशिरा पुढे सरकतं.

जठरातलं आम्ल तीव्र असतं. पेनिसिलिन जीच्या रेणूला एक शेपूट असतं. आम्लात गेल्यावर त्या शेपटातला ऑक्सिजन अणू रेणूच्या स्वतःच्याच चौकोनावर चाल करून जातो आणि तो फोडतो. काही मिनिटांत बरंचसं औषध निकामी होतं. पेनिसिलिन व्हीच्या शेपटात एक ऑक्सिजन जास्तीचा असतो. तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, त्यामुळे हल्ला करणाऱ्याचा जोर कमी पडतो आणि चौकोन शाबूत राहतो. एका अणूने केवढा फरक पडला! हे मी पहिल्यांदा शिकले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ त्या आकृतीकडे बघत बसले होते.

पण पेनिसिलिन व्ही आम्लात टिकतं म्हणजे तासन्‌तास टिकतं असं नाही. पोटात अन्न असेल तर जठर गोळीला अन्नासोबत धरून ठेवतं. तेवढा वेळ ती आम्लात राहते, आतड्यात उशिरा पोहोचते आणि रक्तातली पातळी थोडी कमी भरते. म्हणून रिकाम्या पोटी घ्यायची. याचा व्यवहारातला अर्थ असा: जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा जेवणानंतर दोन तासांनी. "सकाळी उठल्या उठल्याच" असा काही नियम नाही.

आता माझं स्पष्ट मत. अन्नाने पेनिसिलिन व्हीच्या शोषणात पडणारा फरक माफक आहे. रिकाम्या पोटी घेतलं की उलटी होत असेल, किंवा दोन तास थांबायच्या नादात डोसच विसरायला होत असेल, तर खाऊन घेतलेला डोस न घेतलेल्या डोसपेक्षा कितीतरी चांगला. तसं होत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. ते बहुधा ॲमॉक्सिसिलिन देण्याचा विचार करतील.

दुसरा टप्पा: आतड्यातून रक्तात

खरं शोषण लहान आतड्याच्या वरच्या भागात होतं. पेनिसिलिन व्हीचं साधारण ६० टक्के औषध रक्तात जातं, ॲमॉक्सिसिलिनचं त्याहून बरंच जास्त, तीन चतुर्थांशाच्या वर. याचं कारण मोठं सुंदर आहे. आपण खाल्लेली प्रथिनं पचताना त्यांचे दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे होतात. ते आत ओढून घेण्यासाठी आतड्याच्या भिंतीत वाहक प्रथिनं बसलेली असतात. बुरशी पेनिसिलिनचा गाभा सिस्टीन आणि व्हॅलीन या अमिनो आम्लांपासूनच बनवते, त्यामुळे त्याची ठेवण अशा तुकड्यासारखी असते. ॲमॉक्सिसिलिन त्या वाहकाला ओळखीचं वाटतं आणि तो त्याला आत घेतो.

वाहकाची क्षमता मात्र मर्यादित असते. एका वेळी खूप मोठा डोस घेतला तर वाहक भरून जातात आणि उरलेलं औषध आतड्यातच पुढे सरकतं. डोस दुप्पट केला म्हणून रक्तातलं औषध दुप्पट होईलच असं नसतं. जे शोषलं जात नाही ते खाली जाऊन आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना मारतं. ॲम्पिसिलिन कमी शोषलं जातं, म्हणूनच त्याने ॲमॉक्सिसिलिनपेक्षा जुलाब जास्त होतात.

रिकाम्या पोटी घेतलेलं पेनिसिलिन व्ही अर्ध्या ते एका तासात रक्तात सर्वोच्च पातळीला पोहोचतं, ॲमॉक्सिसिलिन एक ते दोन तासांत. रक्तात गेल्यावर पेनिसिलिन व्हीचा सुमारे ८० टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो. जिवाणूंवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग. ॲमॉक्सिसिलिन जेमतेम २० टक्के चिकटतं. घसा, त्वचा, फुप्फुसं, मधला कान अशा ठिकाणी ही औषधं बऱ्यापैकी पोहोचतात. पण पू साचून गळू झालं असेल तर त्याच्या आत रक्तपुरवठाच नसतो, औषध जाणार कसं? तिथे चिरा देऊन पू काढावा लागतो. गोळ्यांचे दिवस वाढवून ते काम होत नाही.

तिसरा टप्पा: जिवाणूच्या भिंतीपाशी

जिवाणूभोवती एक भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या पट्ट्या, असं ते विणकाम असतं. त्याला पेप्टिडोग्लायकॅन म्हणतात. जिवाणूच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप जास्त असतो. भिंत नसेल तर पाणी आत शिरून तो फुगेल आणि फुटेल. मोटारीच्या चाकात ट्यूब आणि बाहेरचा टायर असतो ना, तसं समजा. टायर आहे म्हणून ट्यूब फुटत नाही.

जिवाणू वाढतो तेव्हा त्याला ही भिंत जागोजागी उसवून नवे धागे घालावे लागतात. उसवणारी एन्झाइम, म्हणजे ही कामं करणारी प्रथिनं, वेगळी आणि आडवे टाके घालणारी वेगळी. टाके घालणारं एन्झाइम पट्टीच्या टोकाला असलेली डी-ॲलनीन या अमिनो आम्लाची जोडी शोधतं, तिला पकडतं, शेवटचं ॲलनीन सोडून देतं आणि राहिलेलं टोक शेजारच्या साखळीला जोडतं. दर वेळी काम झालं की एन्झाइमचा हात मोकळा होतो आणि ते पुढचा टाका घालायला जातं.

पेनिसिलिनचा आकार त्या डी-ॲलनीनच्या जोडीशी मिळताजुळता आहे. एन्झाइम फसतं आणि पेनिसिलिनलाच पकडतं. पकडताक्षणी ताणलेला चौकोन उघडतो आणि एन्झाइमच्या ऐन कामाच्या जागी पक्का जोडला जातो. आता हात मोकळा होत नाही. तास उलटले तरी ते एन्झाइम तसंच अडकून राहतं. टाके पडायचे थांबतात, पण उसवणाऱ्या एन्झाइमना कुणी थांबवलेलं नसतं. भिंत उसवत जाते, विणली जात नाही, आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो.

यातून तीन गोष्टी कळतात. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून हे औषध माणसासाठी इतकं सौम्य आहे. जिवाणू वाढत असतानाच ते प्रभावी ठरतं, निपचित पडलेल्या जिवाणूची भिंत कुणी उसवतच नाही. आणि एन्झाइम नवनवी बनत राहतात, म्हणून त्यांना अडकवायला औषधही सतत हजर लागतं. घड्याळाचा प्रश्न येतो तो इथेच.

चौथा टप्पा: घड्याळ

लोकांना सगळ्यात कमी समजावून सांगितलं जातं ते हेच, म्हणून जरा सावकाश जाऊ.

मूत्रपिंडं पेनिसिलिन नुसतं गाळत नाहीत. त्यांच्या नलिकांमधले पंप ते रक्तातून ओढून लघवीत टाकतात. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिस शिपायाला पेनिसिलिन दिलं गेलं. गंभीर संसर्गाने तो मरणाच्या दारात होता. औषधाने तो दिवसभरात सुधारू लागला. जगातला साठा इतका तुटपुंजा होता की डॉक्टर त्याची लघवी गोळा करून तिच्यातून पेनिसिलिन परत काढत आणि पुन्हा टोचत. तरीही औषध संपलं, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. शरीर हे औषध किती झपाट्याने बाहेर टाकतं आणि उपचार अर्धवट राहिले तर काय होतं, हे त्या एका माणसाच्या आजारपणात दिसलं.

आता आकडे. रक्तातलं पेनिसिलिन व्ही साधारण अर्ध्या तासात निम्मं होतं असं धरू. दहा वाजता १०० भाग असतील तर साडेदहाला ५०, अकराला २५, साडेअकराला साडेबारा, बाराला सव्वासहा. दुपारी दोनला अर्धा भागसुद्धा उरत नाही.

समजा कुणी दुप्पट डोस घेतला. दहाला २०० भाग, साडेदहाला १००. म्हणजे साध्या डोसवाला दहाला जिथे होता तिथे हा साडेदहाला आला. दुप्पट औषध घेऊन हाती काय लागलं, तर फक्त अर्धा तास. तेच जास्तीचं औषध काही तासांनी वेगळा डोस म्हणून घेतलं असतं तर कितीतरी तास पदरात पडले असते.

पेनिसिलिनच्या बाबतीत जिवाणू मरतात ते रक्तातली पातळी किती उंच गेली यावर फारसं अवलंबून नसतं. ती पातळी जिवाणूला रोखण्यापुरती किती वेळ राहिली, यावर सगळं ठरतं. दोन डोसमधल्या एकूण वेळेपैकी साधारण ४० ते ५० टक्के वेळ ती पुरेशी असावी, असा अभ्यासकांचा ढोबळ मापदंड आहे. पूर्ण वेळ लागत नाही, कारण मार बसलेल्या जिवाणूंना पुन्हा वाढायला थोडा अवधी लागतो. घशातला स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू पेनिसिलिनला इतका नाजूक आहे की अगदी थोडं औषधही त्याला पुरतं. म्हणून घशाच्या संसर्गात डॉक्टर कधी दिवसातून दोन डोसही देतात.

मग करायचं काय? चार डोस सांगितले असतील तर सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना, अशा वेळा धरा. न्याहारी सात-साडेसातला, दुपारचं जेवण एकनंतर आणि रात्रीचं आठच्या आत आटोपलं तर चारही डोस रिकाम्या पोटी बसतात. तीन डोस असतील तर सहा, दोन, दहा. मोबाइलवर गजर लावा. मध्यरात्री मुद्दाम उठायची सहसा गरज नसते. पण सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला गोळ्या उरकून रात्रभर पंधरा तास मोकळं सोडू नका.

डोस चुकला तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. त्याने अर्ध्या तासापलीकडे काही मिळत नाही हे वर पाहिलंच, पोट मात्र बिघडू शकतं. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी पडलेली दिसली तर पुन्हा घ्यायची का, हे फोन करून विचारा.

मूत्रपिंडांचे पंप अडवणारं प्रोबेनेसिड नावाचं औषध दिलं की पेनिसिलिन शरीरात जास्त वेळ राहतं. कधी डॉक्टर ते मुद्दाम देतात. पण उलटा धोकाही आहे. संधिवात, सोरायसिस किंवा कर्करोगासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट त्याच वाटेने बाहेर पडतं, आणि पेनिसिलिनमुळे ते शरीरात साचू शकतं. मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा यूरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते आधीच सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तरीही. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम पेनिसिलिनने कमी होतो अशी भीती अनेकींना असते. उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले नाहीत तर तशी काळजी करायचं कारण नाही.

लहान मुलांचं पातळ औषध

बाटलीत कोरडी पूड का देतात? कारण पाण्यात चौकोन हळूहळू उघडत जातो. पूड वर्ष-दोन वर्षं टिकते, पाणी घातलं की आठवडा किंवा दोन आठवडे. नेमके किती दिवस ते लेबलवर असतं आणि औषधागणिक बदलतं.

आधी बाटली आपटून आणि हलवून पूड पूर्ण मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, झाकण लावा, उलटी-सुलटी जोरात हलवा. फेस बसू द्या. मग नेमकं खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवा. मिसळल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा. लेबलवर म्हटलं असेल तसं फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको.

एकदा एक वडील रिकामी होत आलेली बाटली घेऊन आले. पोराचा ताप पाच दिवस उतरत नव्हता. बाटली उजेडात धरली तर तळाच्या कोपऱ्यात पांढऱ्या पुडीचा बोटभर जाड थर घट्ट बसलेला. काडीने टोकरला तर आत कोरडाच. मुलगा पाच दिवस जवळपास गुलाबी रंगाचं गोड पाणी पीत होता, आणि शेवटचे डोस त्याला भलतेच घट्ट मिळाले असते. त्या दिवसापासून मी पूड मोकळी झाली का ते बाटली उलटी धरून स्वतः पाहते आणि समोरच्यालाही दाखवते. तुम्हीही पाहा. आणि दर डोसआधी बाटली हलवा, कारण औषध तळाशी बसत राहतं.

मोजायला सोबतची सिरिंज किंवा खुणा असलेलं झाकण वापरा. घरातले चमचे एका मापाचे नसतात. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा, थेट घशात नको.

पाचवा टप्पा: किती दिवस

स्ट्रेप्टोकोकसच्या घशात एक-दोन दिवसांत बरं वाटू लागतं. औषध सुरू केल्यावर साधारण २४ तासांनी दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही बरीच घटते. तरी पेनिसिलिन व्ही दहा दिवस देण्याची रूढ पद्धत आहे. त्यामागे ऱ्हुमॅटिक फीव्हरची भीती आहे. घशातल्या या जिवाणूवर शरीर उलटतं तेव्हा सांधे आणि हृदयाच्या झडपाही त्या माऱ्यात सापडू शकतात. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत जरी औषध सुरू झालं तरी हा धोका टळतो. मात्र घशातून जिवाणू नाहीसे व्हायला हवेत, नुसतं दुखणं थांबून भागत नाही.

दिवसांबद्दलचं मत थोडं बदलतंही आहे. स्वीडनमधला २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. एका गटाला १००० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस. दुसऱ्याला ८०० मिलिग्रॅम दिवसातून चारदा, पाच दिवस. दुसऱ्या गटाला एकूण औषध जवळपास निम्मं मिळालं, पण रोजचे डोस जास्त. आजार बरा होण्यात दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. घशातून जिवाणू जाण्याचं प्रमाण मात्र पाच दिवसांच्या गटात काहीसं कमी राहिलं. म्हणून ऱ्हुमॅटिक फीव्हरचा धोका असलेल्यांसाठी दहा दिवसच योग्य धरले जातात. तुमच्यासाठी किती, ते तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं आहे. कमी करावंसं वाटलं तर त्यांना विचारून करा.

दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल, तोंड उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर गोळ्या संपायची वाट पाहत बसू नका.

कुठे चालत नाही

बहुतेक घसेदुखी आणि सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला भिंत नाही, टाके नाहीत, पेनिसिलिनला पकडायला काहीच नाही. मायकोप्लाझ्मा जिवाणू असूनही त्याला भिंत नसते, तिथेही हे औषध निरुपयोगी. काही जिवाणू चौकोन कापणारं एन्झाइम बनवतात. एडवर्ड एब्रहॅम आणि चेन यांनी ते १९४० मध्येच नोंदवलं होतं, पहिल्या रुग्णांवर उपचार होण्याच्याही आधी! क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः त्या एन्झाइमच्या तोंडी जातं आणि ॲमॉक्सिसिलिनला वाचवतं. एमआरएसए हा स्टॅफिलोकोकस मात्र टाके घालणारं एन्झाइमच बदलून बसला आहे, त्यामुळे त्याच्यापुढे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचाही उपयोग होत नाही. याउलट घशातल्या अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसला इतक्या दशकांत पेनिसिलिनला दाद न देणं जमलेलं नाही. म्हणूनच जुनं, साधं पेनिसिलिन त्याच्यासाठी आजही पहिली निवड आहे.

ॲलर्जी

इथेही तोच चौकोन. तो आपल्या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून उघडतो, आणि काहींचं शरीर त्या जोडीला परकं समजतं.

डोस घेतल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर ती आणीबाणी आहे. औषध थांबवा आणि तडक रुग्णालय गाठा. अंगावर फोड येणं, कातडी सुटणं, तोंडात-डोळ्यांत जखमा होणं आणि ताप, हेही तितकंच गंभीर. काही दिवसांनी उठणारं सपाट, न सुजणारं पुरळ बऱ्याचदा सौम्य असतं. मुलांमध्ये त्यामागे मूळचा विषाणूच असू शकतो. ग्रंथींच्या तापात (एपस्टाइन-बार विषाणूमुळे होणाऱ्या) ॲमॉक्सिसिलिन दिलं तर असं पुरळ बऱ्याचदा उठतं. तरी ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मळमळ आणि पातळ शौच हे दुष्परिणाम आहेत, ॲलर्जी नव्हे. पाण्यासारखे वारंवार जुलाब किंवा शौचातून रक्त दिसलं तर कळवा, कोर्स संपून काही आठवडे झाले असले तरी.

साधारण दहातला एक जण "मला पेनिसिलिन चालत नाही" असं सांगतो. नीट तपासणी केली तर त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ते चालतं, आणि खरी ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचीही ती वर्षांगणिक ओसरत जाते. पण ती तपासणी डॉक्टरांसमोरच व्हायला हवी, घरी गोळी घेऊन पाहायची नाही. तोवर एवढं करा: कागदावर औषधाचं पूर्ण नाव, कितव्या डोसनंतर काय झालं, किती वेळात झालं, काय उपचार लागले आणि ते कोणत्या वर्षी घडलं, हे लिहून ठेवा. शक्य असेल तर पुरळाचा फोटोही जोडा. पुढच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांना नुसत्या "चालत नाही" या शब्दांपेक्षा तो कागद कितीतरी उपयोगी पडेल.